राजाची कीर्ती आणि विणकरांचे व्याज

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने आपल्या कारकीर्दीचा वृत्तान्त स्वतःच लिहून ठेवला होता. इ.स. १४ मध्ये तो मरण पावल्यावर हा वृत्तान्त ब्राँझवर कोरून त्याच्या समाधीपुढे लावण्यात आला आणि साम्राज्यातील दूरच्या शहरांतही त्याच्या प्रती दगडात उतरविण्यात आल्या. मूळ ब्राँझ केव्हाच नाहीसे झाले. पण तुर्कस्तानातील अंकारा येथे देवळाच्या भिंतीवर कोरलेली प्रत आजही वाचता येते. एका वर्षात ८२ देवळांचा जीर्णोद्धार केल्याचे सम्राट तीत सांगतो. रोमच्या नागरिकांना दरडोई किती पैसे वाटले, कोणत्या इमारती उभारल्या, किती राष्ट्रे नमविली याचा तो तपशील देतो. मात्र ज्या अँटनीशी झालेल्या यादवी युद्धातून त्याची सत्ता उभी राहिली, त्याचे नाव त्यात एकदाही येत नाही. कोणाचे नाव कोरावे यापेक्षा कोणाचे वगळावे याचा विचार राज्यकर्ते अधिक काळजीपूर्वक करतात, याचे इतके जुने आणि इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

त्यानंतर रोममध्ये जी सार्वजनिक बांधकामे झाली, ती याच वाटेने गेली. नीरो या सम्राटाने शहराच्या मध्यभागी स्वतःसाठी अफाट राजवाडा आणि त्यात तलाव बांधला होता. त्याच्या मागून आलेल्या व्हेस्पेशियनने तो तलाव बुजवून तेथे लोकांच्या करमणुकीसाठी प्रचंड रंगभूमी उभारण्यास घेतली. आज जगभर कलोसियम म्हणून ओळखली जाते ती हीच. इ.स. ८० मध्ये त्याचा मुलगा टायटस याने तिचे उद्घाटन केले. आधीच्या राजाने बळकावलेली जागा आम्ही लोकांना परत दिली, हा तिचा संदेश होता. तिच्यासाठी लागलेला पैसा कोठून आला, हे मात्र तेथून जवळच असलेल्या टायटसच्या कमानीवरील शिल्पे सांगतात. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम उद्ध्वस्त करून तेथील मंदिरातून लुटून आणलेली सात शाखांची दीपमाळ सैनिक खांद्यावरून मिरवीत आहेत, असे दृश्य तेथे कोरलेले आहे. एका प्रजेची लूट ही दुसऱ्या प्रजेची करमणूक झाली होती. आणि लोकांसाठी म्हणून बांधलेल्या त्या रंगभूमीत बसण्याच्या जागाही दर्जाप्रमाणे ठरलेल्या होत्या. पुढच्या रांगा सिनेटरांच्या, अगदी वरच्या रांगा गरिबांच्या आणि स्त्रियांच्या.

याच व्हेस्पेशियनची आणखी एक हकिकत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवण्यासारखी आहे. अवजड खांब थोड्या खर्चात टेकडीवर चढविण्याची युक्ती एका यंत्रज्ञाने त्याला सुचविली. सम्राटाने त्याला बक्षीस दिले, पण ती युक्ती वापरली नाही. कारण तिच्यामुळे गरिबांचा रोजगार बुडाला असता. सार्वजनिक बांधकाम हे प्रचाराचे साधन असते, हे जितके खरे तितकेच ते मजुरीचे आणि अन्नाचेही साधन असते. प्रचार म्हणून त्याची नुसती टिंगल करणे सोपे असले तरी त्याने ते समजत नाही.

हा सगळा व्यवहार समजून घेण्यासाठी रोमपर्यंत जाण्याची गरज नाही. नाशिक शहराच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत. लोकांच्या तोंडी ती पांडवलेणी. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी खोदलेली आहेत. रोममध्ये कलोसियम उभे राहत होते त्याच्या आगेमागेच या डोंगरात दोन राजघराण्यांची दोन मोठी लेणी खोदली गेली, आणि दोन्हींच्या भिंतींवर राज्यकर्त्यांनी आपापली कहाणी कोरून ठेवली.

पहिली कहाणी दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. ती क्षहरात कुळातील क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याची. त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे. तीन लक्ष गाई, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे, वर्षाला एक लक्ष ब्राह्मणांना भोजन. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी धर्मशाळा, विहिरी, तळी आणि बागा. तापी, पारदा, दमणा, डहाणूका अशा सहा नद्यांवर फुकट होड्या. यातील आकडे फुगविलेले असतील. मात्र यादीतील ठिकाणे नीट पाहिली पाहिजेत. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे सोपारा, दशपूर म्हणजे माळव्यातील मंदसोर आणि गोवर्धन हे नाशिकजवळचेच. ही त्या काळच्या व्यापाराची बंदरे आणि पेठा होत. भडोच बंदराला येणाऱ्या ग्रीक व रोमन गलबतांचे वर्णन करणाऱ्या एका खलाशाच्या पुस्तकात नहपानाच्या राज्याचा उल्लेख आहे. आणि हिंदुस्थान दरवर्षी रोमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने त्याच शतकात केली होती. जेथून माल जातो आणि जेथे जकात जमते, तेथेच धर्मशाळा आणि फुकट होड्या असाव्यात, हा योगायोग नव्हे. पुण्य आणि महसूल एकाच रस्त्याने चालले होते.

परंतु याच लेण्यातील दुसरा लेख याहून कितीतरी मोलाचा आहे. वर्ष ४२ मध्ये उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्यासोबत ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही रक्कम राजाच्या खजिन्यात किंवा मठाच्या तिजोरीत राहिली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती गुंतविण्यात आली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे १,००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे, असे लेख सांगतो. हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. रकमा पैनपै जुळतात.

तीन लक्ष गाईंचा आकडा कोणी मोजून पाहणार नव्हते; दोनशे चाळीस कार्षापणांचा आकडा मात्र दरवर्षी मोजला जाणार होता. त्यामुळे पहिला कितीही फुगू शकला आणि दुसरा फुगू शकला नाही. प्रचार आणि हिशेब यांतील भेद याहून स्पष्ट करता येणार नाही. लेखाच्या शेवटी असेही नमूद आहे की, हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकविण्यात आला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आला. राजाच्या जावयाचे दानसुद्धा नगराच्या सभेपुढे वाचले गेल्याशिवाय पक्के होत नव्हते.

या दानाचा भार कोणावर पडला, याचेही उत्तर लेखातच आहे. भिक्षूंची वस्त्रे व्याजातून आली आणि ते व्याज मागावर बसलेल्या विणकरांनी भरले. मुद्दल कधीच फेडायचे नाही म्हणजे ते व्याजही कधीच थांबायचे नाही. वर्षाला शेकडा बारा आणि शेकडा नऊ या दराने भांडवल मिळणे श्रेणींना लाभाचे असेलही. त्यांच्यावर एवढा विश्वास टाकला गेला, यावरून त्यांची पतही दिसते. तरीपण दाता म्हणून नाव उषवदाताचे राहिले आणि विणकर मात्र कायमचे देणेकरी राहिले. डोंगर फोडणाऱ्या पाथरवटांना काय मजुरी मिळाली, हे तर तेथील कोणत्याही भिंतीवर लिहिलेले नाही.

दुसरी कहाणी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. त्याची आई गौतमी बलश्री हिने, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, हे लेणे भिक्षूंना अर्पण केले आणि ओसरीच्या भिंतीवर आपल्या दिवंगत मुलाची कीर्ती कोरविली. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले. त्याने शक, यवन आणि पल्हव यांचा नाश केला. क्षहरात वंश निःशेष केला. सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रतिष्ठित केले, असे हा लेख सांगतो. या लेण्याची रचना नहपानाच्या लेण्याच्या धर्तीवरच आहे, पण सजावट अधिक भरदार आहे. शत्रूने जे केले तेच, पण त्याच्याहून सरस करून दाखवायचे, ही स्पर्धा रोममध्ये होती तशी येथेही होती. ओसरीचा भार खांद्यावर पेलणाऱ्या भव्य मानवी आकृती या लेण्याच्या दर्शनी भागात कोरलेल्या आहेत. वरच्या लेखातील सगळी कीर्ती त्यांच्या खांद्यांवर आहे. त्यांना मात्र नावे नाहीत.

या कीर्तीच्या भाषेला पुरावाही सापडला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा ठेवा मिळाला. त्यात सुमारे सव्वातेरा हजार नाणी होती आणि ती नहपानाची होती. पैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नाणी वितळवून नवी पाडण्याऐवजी नहपानाच्या मुद्रेवरच डोंगराचे आणि उज्जैनचे चिन्ह ठोकले गेले. राज्य बदलले ही बातमी प्रत्येक व्यापाऱ्याच्या आणि शेतकऱ्याच्या हाती पोचविण्याचा याहून स्वस्त मार्ग नव्हता. शिवाय खालचा पराभूत राजाही अर्धवट दिसत राहत होता.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्या राजाने शत्रूची नाणी पुन्हा ठोकली, त्याने शत्रूचे शिलालेख का खरवडले नाहीत? रोममध्ये सेप्टिमियस सेव्हेरस या सम्राटाने इ.स. २०३ मध्ये उभारलेल्या कमानीवरून त्याचा धाकटा मुलगा गेटा याचे नाव पुढे थोरल्या भावाने, त्याला ठार केल्यानंतर, छिनून काढविले. त्रिरश्मीच्या डोंगरात मात्र उषवदाताचे लेख शाबूत आहेत. याचे कारण राजाच्या उदारपणात शोधण्यापेक्षा लेखाच्या स्वरूपात शोधणे अधिक योग्य ठरेल. तो लेख नुसती स्तुती नव्हता. विणकरांच्या श्रेणींनी संघाला द्यावयाच्या व्याजाचा तो दस्तऐवज होता. तो पुसला असता तर संघाचे उत्पन्न आणि श्रेणींचा करार दोन्ही धोक्यात आले असते. ज्या लेखात लोकांचा हक्क नोंदलेला असतो, तो पुसण्याचे धाडस विजेत्यालाही सहजी होत नाही, असे मानण्यास येथे जागा आहे.

गौतमीपुत्राच्या स्तुतीत दोन विशेषणे कार्यकर्त्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावीत अशी आहेत. एक, त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला. दुसरे, त्याने धर्माला अनुसरून कर बसविले आणि पौरजनांचे सुखदुःख आपले मानले. पहिल्या विशेषणाची वासलात त्याच्याच घराण्याने लावली. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यातील एका लेखावरून दिसते की, पुढच्या काळात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी महाक्षत्रपाची, म्हणजे शकांचीच, कन्या होती. ज्यांचा नाश केला असे एका डोंगरावर कोरले, त्यांच्याशी झालेली सोयरीक दुसऱ्या डोंगरावर कोरली गेली. वर्णशुद्धीची घोषणा प्रजेसाठी असते; राज्यकर्त्यांच्या सोयरिकी राजकारणाच्या सोयीने ठरतात.

दुसऱ्या विशेषणाची कसोटी त्याच लेण्याच्या त्याच ओसरीत आहे. तेथे गौतमीपुत्राचे दोन हुकूम कोरलेले आहेत. आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी, विजयी सैन्याच्या छावणीतून, त्याने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला कळविले की, पूर्वी उषवदाताकडे असलेले पश्चिम कखडी गावातील दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिले आहे. जिंकलेली जमीन दान देण्याचा हा प्रकार झाला. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरा हुकूम निघतो. तो सांगतो की, कखडीचे ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरील राजाच्या मालकीची शंभर निवर्तने जमीन द्यावी. पौरजनांच्या सुखदुःखाशी एकरूप झालेल्या राजाच्या राज्यात, त्याच्या विजयानंतर सहा वर्षांनी, एक गाव ओस होते आणि शेत पडीक होते. स्तुतिलेख हे सांगत नाही. महसुलाच्या हुकुमाला मात्र ते सांगावेच लागले, कारण पडीक शेतातून भिक्षूंचे पोट भरत नव्हते. प्रशस्ती आणि हुकूम यांच्यात अंतर पडते तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने हुकुमावर विश्वास ठेवावा.

तथापि, प्रशस्ती म्हणजे निव्वळ खोटेपणा, असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. धर्माला अनुसरून कर घेतला, असे ज्या राजाला कोरून ठेवावे लागते, त्याच्या प्रजेत न्याय्य आणि अन्याय्य कर यांची जाण असलीच पाहिजे. ही फुशारकी ऐकणारे कोणी नसते तर ती कोरण्याचा खर्च कोणी केला नसता. राज्यकर्ता स्तुतीच्या नावाखाली जी मोजपट्टी स्वतःच्या हाताने भिंतीवर टांगतो, तिनेच त्याला मोजता येते. लोकांच्या चळवळीने या मोजपट्टीचा अव्हेर न करता ती हाती घ्यावी.

शिवाय त्रिरश्मीचा डोंगर दोन राजांचाच नाही. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीवर धंभिक गावाच्या दानाचा उल्लेख आहे. एका गावाने मिळून दिलेले ते दान आहे. एक लेणे मुगूदास नावाच्या माणसाचे आहे आणि त्याच्या विशेषणाचा अर्थ कोळी असा केला जातो. दशपूरच्या वुधिक नावाच्या शक लेखनिकाचे दान तेथे आहे. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने वेगवेगळ्या कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत जलयंत्रे करणारे आणि तेली होते. त्या ठेवींच्या व्याजातून आजारी भिक्षूंच्या औषधाची सोय व्हायची होती, मग ते कोणत्याही दिशेहून आलेले असोत. तीन समुद्रांचे पाणी पिणाऱ्या घोड्यांपेक्षा ही औषधाची ठेव नाशिकच्या इतिहासात कमी महत्त्वाची मानण्याचे काही कारण नाही.

सार्वजनिक इमारत कोणी बांधली, हा निम्मा प्रश्न झाला. तीत कोणाला शिरता येते, हा उरलेला निम्मा. आणि तो याच नाशिकने देशापुढे ठेवला. पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पंचवटीत काळाराम मंदिर बांधले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली त्या मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. दारे बंद झाली. सत्याग्रह काही वर्षे चालला आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये याच जिल्ह्यात येवले येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. त्याआधी १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडून तो मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पैशाने बांधलेली अथवा राखलेली पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा ही स्थाने अस्पृश्यांना खुली असावीत, हा त्याचा आशय. त्या ठरावाची अंमलबजावणी कागदावरच राहिली, म्हणून १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. शेवटी हे तत्त्व राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात आले. शासनाच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही. पैसा सर्वांचा असेल तर हक्कही सर्वांचा, या वाक्यासाठी नाशिक आणि महाड येथे डोकी फुटली आहेत.

आज राजे नाहीत. पण भिंतींवर नावे कोरण्याची हौस संपलेली नाही. रस्ता, पूल, बसथांबा, व्यायामशाळा, फार काय, शिधावाटपाची पिशवी यांवरही नावे आणि छायाचित्रे झळकतात. 'अमुक यांच्या प्रयत्नातून' असे लिहिले जाते आणि पैसा ज्यांच्या करातून आला त्यांचा उल्लेख राहून जातो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज कोणाचे छायाचित्र नसावे, असा निर्णय दिला. मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांनाही ती मुभा मिळाली. दहा महिन्यांत निर्बंधाचे दार किती रुंदावले, हे यावरून दिसते. यात कोणताही पक्ष सोवळा नाही. समाजवाद्यांनी सत्तेत असताना लावलेल्या कोनशिलाही याच पंक्तीत बसतात.

याउलट १९७२ च्या दुष्काळाचे स्मरण करावे. महाराष्ट्रात लाखो स्त्रीपुरुषांनी खडी फोडली, रस्ते आणि पाझर तलाव बांधले. त्या अनुभवातून आणि लोकांच्या चळवळीतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. त्या तलावांच्या बांधांवर मजुरांची नावे कोरलेली नाहीत. ती हजेरीपटावर होती आणि त्या हजेरीपटासाठी, त्यावरील खोट्या अंगठ्यांविरुद्ध आणि बुडालेल्या मजुरीसाठी, कार्यकर्ते मामलेदार कचेरीच्या पायऱ्यांवर बसले. नाव दगडावर कोरले जावे यासाठी ती लढाई नव्हती. केलेल्या कामाचा हिशेब खरा असावा, एवढेच तिचे मागणे होते.

म्हणून नव्या बांधकामाचा नारळ फुटेल तेथे कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. पैसा कोणत्या खात्यातून आला आणि तो प्रत्यक्षात कोण फेडणार? काम करणाऱ्यांना ठरलेली मजुरी मिळाली का? आणि इमारत उभी राहिल्यावर तिच्या दारातून कोण आत जाणार, कोण बाहेर राहणार? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने यांतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मागण्याचा हक्क दिला आहे. तिसऱ्याचे उत्तर घटनेने देऊन ठेवले आहे. कोनशिलेवर रुसून समारंभावर बहिष्कार घालण्यापेक्षा ग्रामसभेत आणि महापालिकेत हे प्रश्न लेखी विचारणे अधिक उपयोगी ठरेल.

उषवदाताच्या लेखातील 'फलक' हा शब्द मराठीत अजून जिवंत आहे. त्याच्या काळी फलकावर मुद्दल, व्याजाचा दर आणि लाभधारकांची संख्या नोंदली जात होती आणि ती नगराच्या सभेत वाचून दाखविली जात होती. आजच्या फलकावर उद्घाटकाचे नाव मोठे असते, प्रमुख पाहुण्यांचे त्याहून थोडे लहान, आणि खर्चाचा आकडा असलाच तर खाली कोपऱ्यात असतो. या शब्दाला त्याचा जुना अर्थ परत मिळवून देणे, एवढे काम नाशिकच्या कार्यकर्त्यांनी आपल्या वॉर्डापासून आणि आपल्या गावापासून सुरू करावे.